खुणा, कागद आणि एक चांदीचे ब्रेसलेट

काही महिन्यांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थिनीने चांदीचे एक ब्रेसलेट आमच्यासमोर टेबलावर ठेवले आणि विचारले, "सर, हे वाचायचं कसं?" पाहायचे कसे असे न विचारता तिने वाचायचे कसे असे विचारले, याचा शिक्षक म्हणून आम्हांला थोडा आनंद झाला हे कबूल करायला हवे. ब्रेसलेट तिच्या आत्याचे. आत्या १९६४ साली परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेली, तिथल्याच इस्पितळांतून नोकरी करून निवृत्त झाली, शेवटची वर्षे पुण्यात काढली आणि जाताना भाचीसाठी एवढी एक डबी ठेवून गेली. डबीत जाड कड्यांची साखळी, तिला हृदयाच्या आकाराचे छोटे कुलूप, आणि कड्याकड्यांतून लोंबणारे तेरा चार्म. चार्म या शब्दाला मराठीत लोलक, लटकन, पदक असे पर्याय सुचतात. पण त्यांतला एकही पुरा पडत नाही, म्हणून आम्ही इथे मूळ शब्दच ठेवतो.

त्या तेरांपैकी काहींची नोंद करून ठेवतो. दार उघडले की आत नवरा-नवरी उभी असलेले एक चर्च. किटली. कंदील. शिंप्याचे अंगुस्तान. उंच टोपी घातलेली वेल्श बाई. ब्लॅकपूलचा मनोरा. घोड्याची नाल. तीन पेनीचे जुने चांदीचे नाणे. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकून विचकट हसत बसलेले एक भूत. आणि '२१' हा आकडा मिरवणारी एक किल्ली. घरच्यांना यांतल्या तिघांचीच कथा ठाऊक होती. नाणे आत्याला तिच्या पहिल्या नाताळात पुडिंगच्या घासात सापडले होते. मनोरा मैत्रिणींबरोबरच्या सहलीचा. किटली निरोपाची भेट म्हणून वॉर्डातल्या सहकाऱ्यांनी दिलेली. भुताला आजी वेताळ समजत असे. ते लिंकनच्या कॅथीड्रलमधले, देवदूतांच्या शिल्पांमध्ये दडून बसलेले प्रसिद्ध दगडी भूत आहे, आणि त्याच्या प्रतिकृती इंग्लंडमध्ये शुभचिन्ह म्हणून विकल्या जातात, हे आम्ही सांगू शकलो. बाकीच्यांबद्दल मौन.

विद्यार्थिनीचा खरा प्रश्न वेगळाच होता. साखळीच्या काही कड्या रिकाम्या आहेत. आपल्या आयुष्यातले काही प्रसंग तिला तिथे लावायचे होते. पण तसे केल्याने आत्याचा संग्रह पुढे चालू राहील की बिघडेल, हे तिला ठरवता येत नव्हते. आम्हांलाही ते एकदम सांगता आले नाही. हा लेख त्या न दिलेल्या उत्तरातून निघाला आहे.

तिने एक वाचन मात्र स्वतः करून आणले होते. बऱ्याच चार्मच्या मागे भिंगातून एक इवलासा नांगर दिसतो. जहाजाने परदेशी गेलेल्या, परत कधी नांगर टाकायचा या विचारात आयुष्य काढलेल्या स्त्रीने प्रत्येक वस्तूवर ही खूण कोरून घेतली, अशी तिची मांडणी होती. मांडणी सुंदर होती, पण नांगर ही बर्मिंगहॅमच्या धातुपरीक्षण कार्यालयाची मोहोर आहे. शेजारी चालता सिंह असेल तर चांदी हजारात ९२५ भाग शुद्ध, आणि त्यापुढचे अक्षर परीक्षणाचे वर्ष सांगते. कवितेतल्या छापखान्याच्या चुकीवर अर्थाचे मनोरे उभारणारे समीक्षक आपण पाहिलेले आहेतच, तेव्हा तिला हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्याच अक्षरांनी पुढे आम्हांला अडचणीत टाकले, ते ओघाने येईलच.

इंग्रजीतील 'चार्म' या शब्दाचा प्रवास साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावा असा आहे. लॅटिनमधील 'कार्मेन' म्हणजे गीत, पद्य, विधीत म्हणायचे ठरीव शब्द. तेथून तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ मंत्र असाच होता. वस्तू नव्हे, उच्चार. मंत्राची शक्ती वस्तूत उतरते या समजुतीने पुढे वस्तूलाच चार्म म्हणू लागले, आणि शेवटी मंत्र विसरला जाऊन वस्तू उरली. आपल्याकडचा ताईत याच वाटेचा प्रवासी. अरबीतून आलेल्या या शब्दाचे मूळ आश्रय मागण्याच्या क्रियेत आहे. ताइताच्या नळीत लिहिलेला कागद किंवा पत्रा घडी करून घालायचा आणि ती बंद करायची. आत काय लिहिले आहे ते घालणाऱ्याने वाचायचे नसते. 'गळ्यातला ताईत' म्हणताना आपल्याला नळीतला कागद आठवतही नाही. म्हणजे चार्म ही मुळात गुंडाळलेली, बंद केलेली संहिता आहे. ब्रेसलेट वाचायचे कसे हा प्रश्न त्यामुळे वाटतो तितका लाक्षणिक नाही.

चार्मच्या संग्रहाचे वाचन ज्या कलाकृतीत सर्वांत आधी आणि सर्वांत चोख झाले आहे, ती आमच्या माहितीप्रमाणे प्लाउटसचे 'रुदेन्स' हे नाटक. (प्लाउटस इ.स.पू. १८४च्या सुमारास वारला.) स्थळ उत्तर आफ्रिकेतील सायरिनीचा किनारा. जहाज फुटून पॅलेस्ट्रा नावाची तरुणी किनाऱ्याला लागली आहे. लहानपणी चाच्यांनी तिला पळवले आणि ती कुंटणखान्याच्या मालकाच्या हाती पडली. त्याची बुडालेली पेटी ग्रिपस नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात येते. पेटीत एक लहान करंडा, आणि करंड्यात पॅलेस्ट्राच्या बालपणीची खेळणीवजा लटकने. रोमन लोक त्यांना 'क्रेपुंदिया' म्हणत. शब्दाच्या मुळाशी खुळखुळण्याचा ध्वनी आहे. आपल्याकडच्या वाळ्यांची आणि खुळखुळ्याची आठवण यावी अशीच ही वस्तू, मुलाच्या गळ्यात घालायची.

पेटी कोणाची यावर तंटा होतो. निवाडा करणारा वृद्ध डेमोनीस अट घालतो ती अशी : करंडा न उघडता आत काय आहे ते पॅलेस्ट्राने सांगायचे. बरोबर सांगितले तर तिचे, चुकली तर गेले. ती सांगू लागते. सोन्याची छोटी तलवार, तिच्यावर अक्षरे. कोणती? वडिलांचे नाव, डेमोनीस. दुधारी छोटी कुऱ्हाड, तिच्यावर आईचे नाव, डीडालिस. मग चांदीचा लहानसा विळा, एकमेकांत गुंफलेले दोन हात, एक छोटी डुकरीण. इथे ग्रिपसचा संयम सुटतो आणि तो डुकरिणीसकट तिला शिव्या घालतो. शेवटी वाढदिवशी वडिलांनी दिलेला सोन्याचा बुल्ला, म्हणजे रोमन मुलांच्या गळ्यातला गोल ताईत. निवाडा करणाराच तिचा बाप निघतो.

वर्गात हा प्रवेश शिकवताना बहुधा 'ओळख पटण्याचे तंत्र' म्हणून उरकला जातो. तलवार आणि कुऱ्हाड या दोनच वस्तूंवर नावे आहेत. कथानकाचे काम त्या दोघींनी भागते. मग विळा, हात आणि डुकरीण कशासाठी? नाटककार त्यांचा खुलासा करत नाही. विळा कोणी दिला, डुकरीण कोणाला गंमत म्हणून सुचली, हे कोणी विचारत नाही. पण प्रेक्षकाची खात्री त्यांनीच पटते, कारण नाव कोणीही सांगून ठेवू शकते. डुकरीण ज्याच्या हाताला लहानपणी लागली त्यालाच आठवणार. संग्रहातील निरर्थक वस्तू हीच मालकीची सर्वांत बळकट साक्ष असते. आत्याच्या साखळीतले अंगुस्तान आम्हांला या प्रवेशामुळे वेगळे दिसू लागले. ती कधीच शिवत नसे, असे भाची सांगते.

मराठी वाचकाला इथे शाकुंतल आठवले नाही तरच नवल. तिथेही कोळी आहे, तिथेही पाण्यातून खूण परत येते. दुष्यंत अंगठी देताना रोज नावातले एक अक्षर मोजायला सांगतो, म्हणजे ती अंगठी अक्षरशः वाचण्याची वस्तू आहे. आणि सातव्या अंकात भरताच्या मनगटावरून गळून पडलेला रक्षाकरंडक : आई, वडील आणि तो स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणी तो उचलला तर त्याचा साप होतो. दुष्यंत नकळत उचलतो, साप होत नाही, आणि तापसींना कळायचे ते कळते. ग्रीक नाटकांचा संस्कृत नाटकावर प्रभाव पडला की नाही या जुन्या वादात शिरण्याचे इथे कारण नाही. आम्हांला दिसतो तो फरक एवढाच, की कालिदासाची खूण स्वतःच साक्ष देते, तर प्लाउटसची खूण मुकी असून तिच्यासाठी माणसाला बोलावे लागते. आत्याच्या ब्रेसलेटची जात दुसरी.

या मुक्या खुणांचा इतिहासातील सर्वांत मोठा साठा लंडनमध्ये आहे, आणि तो पाहताना साहित्याचा विद्यार्थी थोडा अंतर्मुख होतो. थॉमस कोरम या दर्यावर्दी गृहस्थाच्या खटपटीने १७३९ साली सनद मिळून लंडनचे अनाथ बालकाश्रम, 'फाउंडलिंग हॉस्पिटल', स्थापन झाले. २५ मार्च १७४१ रोजी पहिली मुले घेतली गेली. मूल घेताना त्याचे लिंग, वय, अंगावरचे कपडे, एखादा डाग यांची छापील कागदावर नोंद होई. आईचे नाव सहसा विचारत नसत. मुलाला नवे नाव देऊन त्याचा बाप्तिस्मा करत. आईने कधी परत यायचे ठरवले तर आपले मूल कोणते हे तिने सिद्ध कसे करावे? त्यासाठी एखादी खूण त्या कागदाला जोडून ठेवायची आणि कागद मोहोरबंद करायचा. कोणी घासून गुळगुळीत केलेल्या नाण्यावर अक्षरे कोरून आणली, कोणी अंगठी दिली, कोणी बटण. एकीने हेझलनटचे कवच दिले. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांच्या मुलाच्या कपड्याचा तुकडा कापून कागदाला टाचला गेला. असे पाच हजारांहून अधिक तुकडे नोंदवह्यांत टिकून आहेत, आणि अठराव्या शतकातील गरीब स्त्रिया काय नेसत होत्या याचा तो आज मोठा पुरावा मानला जातो. जॉन स्टाइल्स या इतिहासकाराने २०१०मध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले होते.

१७४१ ते १७६० या काळात १६,२८२ मुले आत आली. परत नेली गेलेली मुले १५२.

या आकड्यांपुढे काही लिहिणे कठीण आहे. प्लाउटसच्या रंगभूमीवर करंडा उघडतोच; लंडनमधले बहुतेक सर्व करंडे बंदच राहिले. अपवाद म्हणून सेरा बेंडर या स्त्रीची हकीकत सांगितली जाते. ११ फेब्रुवारी १७६७ रोजी तिने आपला मुलगा चार्ल्स आश्रमात ठेवला. खूण म्हणून कापडाचे तुकडे जोडून केलेली, हृदय भरलेली एक पट्टी मधोमध कापून अर्धी तिथे दिली, अर्धी आपल्याजवळ ठेवली. मुलाचे नाव बदलून बेंजामिन ट्वर्ल झाले. आठ वर्षांनी, १० जून १७७५ला, ती अर्धी पट्टी घेऊन आली आणि मुलाला घेऊन गेली.

पुढे जे घडले ते संग्रहकर्त्यांनी आवर्जून वाचावे. १८६०च्या दशकात, लोकांना दाखवण्यासाठी म्हणून, कितीतरी खुणा त्यांच्या कागदांपासून सोडवून काचेच्या कपाटात मांडण्यात आल्या. हेतू चांगला होता. मांडणारा संस्थेचा सचिव जॉन ब्राउनलो, आणि तो स्वतः याच आश्रमात वाढलेला! कपाटातल्या खुणा पाहून प्रेक्षक हेलावत. पण कोणती खूण कोणत्या मुलाची हे त्यामुळे नाहीसे झाले. खूण सुंदर वस्तू झाली आणि पुरावा म्हणून मेली. एकविसाव्या शतकात जॅनेट ब्राइट आणि जिलियन क्लार्क या दोन अभ्यासक बायांनी कागदांवरची वर्णने आणि टाचण्यांच्या खुणा ताडून अनेक वस्तू पुन्हा आपापल्या कागदांशी जुळवल्या. पाठचिकित्सा करणाऱ्यांनी या कामाला आपले म्हणावे.

डिकन्स १८३७ ते १८३९ या काळात याच परिसरात, डाउटी स्ट्रीटवर राहत होता आणि आश्रमाच्या प्रार्थनामंदिरात त्याची बैठक राखीव असे. तेव्हाच 'ऑलिव्हर ट्विस्ट' लिहिली जात होती, आणि तीतील दयाळू गृहस्थाचे नाव ब्राउनलो आहे. ऑलिव्हरच्या आईचे लॉकेट आठवा : आत केसांच्या दोन बटा आणि 'ॲग्नेस' कोरलेली लग्नाची अंगठी, आडनावाची जागा कोरी. मरणाऱ्या स्त्रीच्या अंगावरून ते चोरीला जाते, गहाण पडते, सुटते, पंचवीस पौंडांना विकले जाते आणि शेवटी शिशाच्या वजनाला बांधून नदीत सोडले जाते. कादंबरीत ओळख पटते ती चेहऱ्याच्या साम्यावरून आणि कबुलीजबाबांवरून. प्लाउटसच्या पेटीला पाण्याने परत दिले होते. डिकन्सने खूण पाण्याला देऊन टाकली. अनाथाश्रमाच्या भिंतीलगत राहणाऱ्या लेखकाला खुणांवर भरवसा उरला नसावा, असे आम्हांला वाटते. हा अर्थात तर्क आहे.

आता मनगटाकडे. मुलाच्या गळ्यातली खूण आईच्या हातात येते ती एकोणिसाव्या शतकात, आणि या बदलाला एक ठळक उदाहरण आहे. राणी व्हिक्टोरियाचे पहिले अपत्य २१ नोव्हेंबर १८४० रोजी जन्मले. अल्बर्टने तिला त्याच महिन्यात सोन्याचे एक ब्रेसलेट दिले. त्याला मिनाकाम केलेले गुलाबी हृदय, आत बाळाचे केस. पुढल्या वर्षी मुलगा झाला, फिरोजी रंगाचे हृदय आले. अलीससाठी लाल, आल्फ्रेडसाठी गडद निळे, आणि असे करत १८५७मध्ये जन्मलेल्या बिआट्रिससाठी फिकट हिरवे. नऊ मुले, नऊ रंग. दागिना एकदम घडवायचा नाही, आयुष्य जसजसे घडेल तसतसा तो वाढवायचा, ही चार्म ब्रेसलेटची मूळ कल्पना इथे पूर्ण रूपात दिसते. संग्रह सुरू करताना तो किती मोठा होणार हे संग्राहकाला ठाऊक नसते. रिकामी कडी हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग.

केसांचे आपल्याला वावडे वाटते. त्या काळातील युरोपात ते नव्हते. हॅवर्थ येथील ब्राँटे संग्रहालयात शार्लटचे एक ब्रेसलेट आहे : एमिली आणि ॲन या बहिणींचे केस एकत्र वळून केलेला पट्टा आणि ॲमेथिस्टचे खडे. एमिली डिसेंबर १८४८मध्ये गेली, ॲन मे १८४९मध्ये. व्हिक्टोरियाच्या हृदयांत वाढत्या घराची मोजणी आहे, शार्लटच्या मनगटावर रिकाम्या होत गेलेल्या घराची.

पण व्हिक्टोरियाने आपल्या ब्रेसलेटचे पुढे काय ठरवले ते आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. ते कुटुंबात कोणाकडे जाऊ नये, अल्बर्ट ज्या दालनात वारला त्या विंडसरच्या दालनात ठेवले जावे, अशी तिची सूचना होती. नऊ मुले आणि कितीतरी नातवंडे असलेल्या स्त्रीने हे सांगावे याचा अर्थ असा, की तिच्या लेखी तो संग्रह पूर्ण झाला होता आणि दुसऱ्या कोणाला तो पुढे चालवता येणार नव्हता. रंग आणि नावे यांची जोडणी नोंदलेली असल्यामुळे तो आज आपण वाचू शकतो. नोंद नसती तर ती नऊ रंगीत हृदये झाली असती, एवढेच.

नोंद वस्तूवरच करण्याचा मार्ग तिच्या पणतवाने पत्करला. आठव्या एडवर्डने वॉलिस सिम्प्सनला दिलेल्या कार्तिएच्या ब्रेसलेटवर रत्नजडित नऊ क्रूस आहेत आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्या हस्ताक्षरात प्रसंग व तारीख. १६ जुलै १९३६ रोजी त्याच्यावर हल्ल्याचा प्रयत्न झाला, त्याचा एक. ३ जून १९३७च्या विवाहाचा एक. १९४४मधील अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचाही एक. विवाह करणे आणि अपेंडिक्स काढणे यांना सारखाच क्रूस मिळावा, यातला विनोद त्याला जाणवला होता की नाही कोण जाणे. पण रोजनिशीतही असेच होते. एप्रिल १९८७मध्ये जिनिव्हाच्या लिलावात हे सारे विकले गेले आणि पैसा पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटकडे गेला. २०१०मध्ये लंडनला ते पुन्हा लिलावात आले. ज्याने घेतले त्याच्या कपाटात आज दुसऱ्याच्या अपेंडिक्सची तारीख आहे.

राजवाड्यांतून ही वस्तू बाजारात कशी आली ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेलेले सैनिक घरी लहानसहान धातूच्या वस्तू पाठवत; १९५०च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये चार्म ब्रेसलेट ही मध्यमवर्गीय मुलीची नेहमीची भेट झाली. वाढदिवसाला साखळी द्यायची आणि पुढे दर प्रसंगी एक चार्म. कारखान्यांनी प्रसंगांची यादी आधीच करून ठेवली : पदवी, साखरपुडा, पाळणा, प्रवास. डेन्मार्कमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या पँडोरा या कंपनीने २०००मध्ये साखळीत ओवायच्या मण्यांचे ब्रेसलेट आणले आणि झाळकामाचीही गरज संपवली. मणी काढता येतात, क्रम बदलता येतो. नाक मुरडणे सोपे आहे. पण तयार वृत्तात लिहिणारा कवी स्वतःचे काही सांगतच नाही असे आपण म्हणत नाही. आमचा आक्षेप एवढाच, की निघू शकणारा मणी झाळलेल्या कडीइतका बांधून घेत नाही. जुन्या संग्रहात चुकलेले प्रेमही साखळीत राहत असे.

आपल्याकडे असे वाढत जाणारे दागिने नव्हते असे नाही. पुतळ्यांची माळ ही ऐपतीप्रमाणे, सणासुदीला एकेक पुतळी वाढवत नेण्याची गोष्ट. तिचे युरोपशी नातेही आहे : व्हेनिसच्या ज्या सोन्याच्या नाण्यावर तिथला अधिपती सेंट मार्कसमोर गुडघे टेकून बसलेला असे, ते आपल्या व्यापाऱ्यांकडे येऊन त्यावरील आकृत्यांमुळे 'पुतळी' म्हणून ओळखले गेले. पण माळेतली प्रत्येक पुतळी दुसरीसारखी. ती कोणत्या दिवाळीची हे तिच्याकडे पाहून कळत नाही आणि कळावे अशी अपेक्षाही नसते. अडीअडचणीला ती मोडायची असते. पुतळी बचत आहे, चार्म नोंद आहे. दोन्हींना आपापली शहाणीव आहे, आणि पुण्यातला सराफ ब्रेसलेटकडे पहिल्या नजरेने बघतो हे आम्ही पुढे अनुभवलेच.

तर ती किल्ली. इंग्लंडमध्ये १९७०पर्यंत एकविसाव्या वर्षी माणूस सज्ञान होई आणि त्या वाढदिवशी घराच्या किल्लीची प्रतिकृती देण्याची रीत होती. आत्या इंग्लंडला पोचली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. भिंगाखाली किल्लीवरचे वर्षाचे अक्षर १९५७ सांगते, साखळीच्या कुलपावरचेही तेच. त्या वर्षी आत्या साताऱ्याला शाळेत होती.

म्हणजे ब्रेसलेट मुळात दुसऱ्या कोणा मुलीचे. चर्च कोणाचे, अंगुस्तान कोणाचे, भूत कोणाचे? आत्याने ते जुन्या बाजारात घेतले, की एखाद्या मैत्रिणीने दिले, की वॉर्डातल्या एखाद्या म्हातारीने जाताना हातात ठेवले? लग्न न केलेल्या आत्याच्या हातात दार उघडणारे चर्च का, यावर घरात वर्षानुवर्षे कुजबूज होती, तिला आता आधार उरला नाही. भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आत्यानंसुद्धा दुसऱ्याच्यातच लावले होते."

आम्ही तिला पॅलेस्ट्राचा प्रवेश वाचायला दिला आणि ब्राउनलोच्या कपाटाची गोष्ट सांगितली. ब्रेसलेट विकत घेऊन संग्रह सुरू करणारे संग्राहक मोहोरा वाचतात, वजन करतात, दुर्मिळ चार्म वेगळा काढून विकतात. त्यात गैर काही नाही, पण कागदापासून खूण सोडवण्याचेच ते काम. तिने दोनशे पानी एक वही केली. प्रत्येक चार्मला एक पान : काय ठाऊक आहे, कोणी सांगितले, वर्षाचे अक्षर कोणते. सात पानांवर फक्त वर्णन आहे.

गेल्या महिन्यात ती आम्हांला घेऊन रविवार पेठेतल्या एका सराफाकडे गेली. किटलीची कडी सैल झाली होती. त्याने ब्रेसलेट काट्यावर टाकले, सेहेचाळीस ग्रॅम भरले, आणि मोडीत घालायचे का असे विचारले. ती नाही म्हणाली. कडी झाळून घेतली, आणि पर्समधून कागदात गुंडाळलेला चांदीचा एक छोटा वाळा काढून त्याच्यापुढे ठेवला; तिच्या मुलीच्या बारशाचा, आता कोणालाच न होणारा. कुठे लावू, असे सराफाने विचारले. तिने किल्लीच्या शेजारची कडी दाखवली.